संदेश क्रमांक ६१२

पद्मजा परुळेकर एकतीस वर्षं एका सरकारी कार्यालयाच्या आवक-जावक विभागात होत्या. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, क्रमांक घालायचा, नोंदवहीत एक ओळ लिहायची आणि कागद पुढे पाठवायचा. कागदात काय लिहिलंय ते वाचायची गरज नसे. त्यांच्या हातून एकही कागद हरवला नाही. निरोप समारंभात साहेबांनी हे वाक्य दोनदा म्हटलं, कारण त्यांच्याविषयी दुसरं काही साहेबांना माहीत नव्हतं.

त्या निवृत्त झाल्या त्याच सुमारास लालबागची त्यांची चाळ जाऊन बावीस मजली इमारत उभी राहिली. चाळीत बातमी गॅलरीतून चालत जायची. इथे सगळी दारं बंद, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपचा गट निघाला, आणि रोज सकाळी सात वाजता त्यावर पद्मजाताईंचा आरोग्यसंदेश यायला लागला. प्रत्येक संदेशाला क्रमांक. खाली ठरलेली ओळ : ‘खात्री करून पाठवले आहे. – पद्मजा.’ खात्रीची त्यांची रीत साधी होती. एकच मजकूर दोन वेगळ्या गटांतून आला की तो खरा.

गटात दोनशे चौदा माणसं होती. कुणी काही ऐकलं की विचारायचं, “पद्मजाताईंचा शिक्का पडला का?” सातव्या मजल्यावरची नूपुर औषधशास्त्र शिकत होती. तिने एकदा लिहिलं, “काकू, हे कुठून घेतलंय? कुणी लिहिलंय?” पद्मजाताईंनी तिला गटातून काढून टाकलं आणि खाली लिहिलं की ज्येष्ठांचा मान राखावा. त्यावर त्रेसष्ट जणांनी हात जोडले.

संदेश क्रमांक ६१२ दोन वर्षांपूर्वीचा. तो असा होता : ‘मॉर्फिन म्हणजे अफू. कॅन्सरच्या माणसाला ती सुरू केली की माणूस आठ दिवसांत जातो. खाट रिकामी व्हावी म्हणून देतात. आपल्या माणसाला वाचवा.’ दोन गटांतून आला होता, म्हणजे खरा होता. पण पद्मजाताईंना तो जरा मुळमुळीत वाटला. त्यांनी शेवटी स्वतःचं घातलं : ‘रुग्ण काहीही कारणे सांगून गोळी मागेल. तेव्हा तो बोलत नसतो, अफू बोलत असते. आपण घट्ट राहावे.’

एकतीस वर्षांत त्यांनी कार्यालयात स्वतःचं वाक्य कधी लिहिलं नव्हतं. हे त्यांनी चार वेळा वाचून पाहिलं आणि पाठवलं.

त्यांच्याच मजल्यावर समोर चंदू सावंत राहायचा. छापखान्यातून निवृत्त झालेला. त्याच्या बायकोला, शांतीला, पोटाचा कॅन्सर होता आणि हॉस्पिटलने नुकत्याच मॉर्फिनच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं होतं. चंदूने संदेश वाचला आणि गोळ्या बंद केल्या. पाचव्या दिवशी तो पद्मजाताईंच्या दारात आला.

“वयनी, ती हात जोडता. काय करू मी?”

“घट्ट राहा, भावोजी. ती बोलत नाहीये.”

दोन्ही घरांची स्वयंपाकघरं एकाच डक्टवर, इमारतीत हवेसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीवर, उघडतात. शांतीचा आवाज तिथून यायचा, डाळीला फोडणी देताना, चहा गाळताना. तेराव्या दिवशी पद्मजाताईंनी स्वयंपाकघराची सरकती खिडकी लावून घेतली. एकोणिसाव्या दिवशी आवाज थांबला. लिफ्टपाशी उभ्या असलेल्या बायकांना त्या म्हणाल्या, “निदान शुद्धीत गेली बाई.”

यंदा गणपती गेले आणि पद्मजाताईंची पाठ दुखायला लागली. सात वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली होती. आता तेच पाठीच्या मणक्यांत उतरलं होतं. परळच्या डॉक्टरांनी वसंतरावांना, म्हणजे त्यांच्या नवऱ्याला, बाहेर बसवून सांगितलं की आता उपचार आजारावर नाही, दुखण्यावर करायचा. पॅलिएटिव्ह केअरची नर्स घरी येईल.

नर्स वैदेही आली तेव्हा पद्मजाताई तीन आठवडे नीट आडव्या झाल्या नव्हत्या. कूस वळायची म्हटलं तरी दात आवळून, चादर मुठीत धरून. वैदेहीने गोळ्या काढल्या, वेळांचा तक्ता भिंतीला लावला.

“काका, दुखायची वाट बघू नका. घड्याळ बघून द्या. डॉक्टरांनी ठरवलंय तेवढीच, ठरल्या वेळी. पोट साफ व्हायचं हे औषध सोबत. पहिले दोन-तीन दिवस खूप झोपतील, घाबरू नका. इतक्या दिवसांची राहिलेली झोप असते ती.”

“ही अफूच ना?” वसंतरावांनी विचारलं.

“अफूपासून निघते. पण अशी मोजून दिली तर दुखणं कमी करते, आयुष्य कमी करत नाही. इंटरनेटवर वाचायचंच असेल तर हे वाचा.” तिने एक कागद दिला. वर हॉस्पिटलच्या पानाचा पत्ता, खाली हाताने लिहिलेले प्रश्न : हे कुणी लिहिलं? कधी? चूक असेल तर फोन कुणाला करायचा? खाली काही विकायला ठेवलंय का? “ह्याची उत्तरं नसतील तर पान बंद करा. आणि मनाने गोळी थांबवू नका. आधी मला फोन.”

पहिल्या गोळीनंतर तासाभराने पद्मजाताईंनी आपणहून कूस बदलली. त्यांना हे इतकं नवल वाटलं की त्यांनी पुन्हा बदलून पाहिली. दुसऱ्या दिवशी मऊ भात खाल्ला, लिंबाचं लोणचं मागितलं. पडल्या पडल्या त्यांना संदेश क्रमांक ६१२ आठवला. त्यांनी तो आठवणीतून बाजूला सारला. लोणचं चांगलं होतं.

त्या दिवशी त्या चौदा तास झोपल्या. वसंतराव दर पंधरा मिनिटांनी नाकापाशी बोट धरून पाहत होते. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात ही बाई पाचच्या पुढे कधी झोपली नव्हती. शेवटी त्यांनी फोन घेऊन एका बोटाने टाइप केलं : ‘मॉर्फिन घेतल्यावर झोप येते म्हणजे मरण जवळ येते का.’

हॉस्पिटलचं पान त्यांनी उघडलं होतं. पण तिथे प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी ‘आपल्या डॉक्टरांशी बोला’ असं होतं. ज्याला खरं माहीत आहे तो दर वेळी दुसऱ्याला विचारा असं कशाला सांगेल? शोधाच्या यादीत त्याखाली ‘निरोगी घर’ नावाचं पान होतं. त्यावर स्वच्छ मराठीत लिहिलं होतं की माणूस आठ दिवसांत जातो. वसंतरावांनी पद्मजाताईंचा गट उघडून जुना संदेश शोधला. तंतोतंत जुळला. दोन ठिकाणी सापडला, म्हणजे खरा.

संध्याकाळची गोळी त्यांनी दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं परत आलं. दोन दिवसांचा आराम मिळाल्यामुळे अंगाची सवय मोडली होती, त्यामुळे ते आधीपेक्षा मोठं वाटलं.

“अहो, गोळी.”

“नको पद्मा. मी वाचलंय सगळं.”

“काय वाचलंय?”

त्यांनी फोन बायकोसमोर धरला. पद्मजाताईंनी चष्म्याशिवायच शेवटची ओळ ओळखली. रुग्ण काहीही कारणे सांगून गोळी मागेल.

“हे माझं आहे,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“हे वाक्य. मी लिहिलंय. मनाने. कुणीतरी आपल्या गटातून उचलून तिथे टाकलंय.”

वसंतरावांनी त्यांच्या कपाळावरून हात फिरवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. “बघ,” ते म्हणाले. “इथे लिहिलंय तसंच होतंय. काहीही कारणं.”

“अहो, मी कुठे काय तपासते. येईल ते नंबर घालून पाठवते.”

“तू? दोनशे माणसं डोळे मिटून विश्वास ठेवतात तुझ्यावर. ही अफू बोलतेय, पद्मा. तू नाही.”

दुसऱ्या दिवशी वसंतराव आंघोळीला गेले तेव्हा पद्मजाताईंनी आपला फोन ओढून घेतला. वैदेहीचा नंबर त्यात नव्हता. एक एक अक्षर शोधत गटावर लिहिलं : ‘संदेश ६१२ खोटा आहे. मी खात्री केली नव्हती. गोळी द्यावी. – पद्मजा.’ आणि पाठवला. नूपुर गटात नव्हती. पहिलं उत्तर अकराव्या मजल्यावरच्या अक्षताचं आलं : ‘लवकर बरं व्हा ताई.’ मग जोडलेले हात, फुलं, आणखी हात. मग राजेशचं, जो सोसायटीचा सचिव होता : ‘वसंतकाका, काकूंना गोळ्या सुरू केल्या का? सांभाळा. हे त्या बोलत नाहीयेत.’ आणि त्याखाली त्याने संदेश क्रमांक ६१२ पुन्हा टाकला.

वसंतराव बाहेर आले, वाचलं, पद्मजाताईंचा मजकूर पुसला आणि फोन स्वतःच्या खिशात ठेवला. गोळ्यांची पाकिटं कपाटावर, बॅगेच्या मागे गेली. वैदेहीचा फोन आला तेव्हा ते गॅलरीत जाऊन म्हणाले, “हो, वेळच्या वेळी.” आयुष्यात खोटं बोलायची सवय नसलेला माणूस, परत आल्यावर घाम पुसत होता. वैदेहीची पुढची फेरी अजून नऊ दिवसांवर होती.

बाकी त्यांनी काही कमी केलं नाही. पाय चेपले, गरम पाण्याची पिशवी दिली, उशा बदलल्या. रोज सात वाजता गटावर संदेशही घातला, नेम मोडू नये म्हणून. हळदीचा, तिळाचा, तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याचा. खाली तीच ओळ.

गोळ्या बंद झाल्याच्या सहाव्या दिवशी दुपारी चंदू बघायला आला. खुर्ची ओढून बसला. वसंतराव चहा टाकायला आत गेले. पद्मजाताईंनी चादरीतून हात काढून त्याचं मनगट धरलं. वसंतराव त्यांचं ऐकणार नव्हते, दुसऱ्या कुणाचंही नाही. पण चंदूचं ऐकतील. चंदूने हे सगळं केलेलं होतं.

“भावोजी, ह्यांना सांगा. गोळी द्यायला सांगा.”

“कित्याक? तुमीच तर…”

“ते खोटं होतं. शेवटचं वाक्य तर मीच घातलेलं. चांगलं वाटलं म्हणून घातलं.”

चंदूने आपलं मनगट हळूच सोडवून घेतलं, जसं झोपलेल्या मुलाच्या मुठीतून सोडवतात.

“चांगला वाटला म्हणून,” तो म्हणाला.

“हो.”

“ती पाचव्या दिवशी हात जोडी होती. बाराव्या दिवशी तिने माका शिवी घातल्यान. आईवरून. चाळीस वर्षांत तिच्या तोंडात शिवी नव्हती, वयनी. मी म्हटलंय, अफू बोलता.”

“चुकलं माझं. पण आता सांगा ह्यांना. एवढंच सांगा.”

“सांगतंय,” चंदू म्हणाला आणि उठला.

स्वयंपाकघरातलं बोलणं खोलीत स्पष्ट ऐकू येत होतं. कप ठेवल्याचा आवाज झाला. वसंतराव म्हणाले, “बघवत नाही रे. तू सांग, तुला अनुभव आहे. देऊ का एक?”

पद्मजाताईंनी श्वास धरून ठेवला, कारण श्वास घेतला की पाठीत कळ यायची आणि ऐकू येईनासं व्हायचं.

“आज कितवो दिवस?” चंदूने विचारलं.

“सहावा.”

“शांतीने एकोणीस काढल्यान.” मग चहाचा घोट घेतल्याचा आवाज. “घट्ट राहा, वसंतराव.”

तो परत खोलीत आला नाही. चपला घालताना दारातून त्याची पाठ दिसली. वसंतराव ओला रुमाल घेऊन आले, त्यांच्या कपाळावर ठेवला आणि म्हणाले, “चंदूपण तेच म्हणाला. थोडं सोस. मी आहे ना.”

पद्मजाताईंनी ओरडायचं नाही असं सकाळपासून ठरवलं होतं. शेजारी काय म्हणतील, गटातले काय म्हणतील. आता त्यांनी तोंड उघडलं आणि जो आवाज निघाला तो त्यांच्या ओळखीचा होता. दोन वर्षांपूर्वी तो त्यांनी फोडणी देताना ऐकला होता. आवाज खोलीतून स्वयंपाकघरात गेला, तिथून डक्टमध्ये.

समोरच्या घरातली सरकती खिडकी कुणीतरी लावून घेतली.