रामटेके काकांची पांदण

रामटेके काका सायकल कधी रस्त्याच्या मधून चालवत नसत. जाताना एका धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, चाक घासून जायचे, येताना दुसऱ्या. मध्ये बैलगाड्यांनी दाबलेली चांगली गुळगुळीत चाकोरी असताना हा साठी उलटलेला माणूस बाभळीच्या काट्यांतून, तरोट्यातून, दगडगोट्यांवरून खडखडत चाललेला पहिल्यांदा पाहिला, तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याला नीट दिसत नसावं. मी मागून ओरडलो, "काका, मधून या, मधून!" ते थांबले, एक पाय धुऱ्यावर टेकवला आणि म्हणाले, "मधातून तं सगयेच जाते, भाऊ. रस्ता मधातून मरत नाई. काठानं मरते." एवढं बोलून पुढे निघाले आणि पन्नास पावलांवर पंक्चर झाले.

ही तीनेक वर्षांपूर्वीची, थंडीतली गोष्ट. आम्ही यवतमाळचे पाच-सहा जण, कोणी डॉक्टर, कोणी दुकानदार, मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारा, नुकत्याच ग्रॅव्हल बाइक घेतल्या होत्या. जाड टायर, खाली वळलेलं हँडल. रविवारी डांबरी रस्ता सोडायचा, टेकड्यांमधल्या मुरमाच्या वाटा धुंडाळायच्या आणि फोटो काढायचे, असा आमचा पराक्रम. काकांची सायकलही तसलीच होती, लेकीची. ती परदेशी जाताना मागे ठेवून गेली होती. पण काकांच्या पँटीला खाली सुतळी बांधलेली आणि डोक्याला दुपट्टा. आमचे तंग कपडे वरपासून खालपर्यंत न्याहाळून त्यांनी विचारलं, "हे अंगाले चिपकेल घालून कोन्या सर्कशीत चालले बाप्पा?" पंक्चर काढायला मी मदत केली, म्हणजे पंप धरून उभा राहिलो. पुढच्या रविवारी ते त्याच जागी आमची वाट पाहत होते.

काकांची सारी नोकरी जमीन मोजण्यात गेली. मारेगाव, नेर, कुठे कुठे बदल्या झाल्या. साखळी ओढत, उन्हात टेबल मांडत, भावाभावांची भांडणं ऐकत ते म्हातारे झाले. त्यांचे वडील दुसऱ्यांच्या शेतात राबले. धम्म स्वीकारल्यावर मुलाला शिकवायचंच, या एका हट्टापायी त्यांनी काकांना शाळेत घातलं. काका म्हणायचे, "बापाची सोताची जमीन नव्हती, अन् पोरगं गावाची जमीन मोजून राह्यलं. म्हातारा लय हासे." माणसांपेक्षा दगडांवर त्यांचा विश्वास जास्त होता. हद्दीचा दगड दिसला की सायकलवरून उतरून त्याच्याभोवतीचं गवत उपटत.

त्यांचा जीव अडकला होता तो एका पांदणीत, शेतांमधल्या गाडीवाटेत. बाभुळगावच्या बाजूला निघालं की डांबरी रस्त्यावरून डावीकडे ती फुटते. आधी कपाशी, मग तूर, मग राऊतांची द्राक्षबाग, मग चढ, आणि टेकडीपलीकडे एक बंजारा तांडा. कपाशीच्या मुलखात द्राक्षबाग म्हणजे नवलच. आम्ही तर त्या बागेसाठीच त्या वाटेला लागलो होतो. दोन्ही बाजूंना वेलींचे मांडव आणि मधून तांबडी मुरमाची वाट. तांड्यावरून बसच्या थांब्यावर यायला डांबरी रस्ता आहे, पण तो फार लांबून फिरतो आणि पावसाळ्यात मधल्या नाल्याला पूर आला की बंद होतो. तेव्हा बायका, आजारी माणसं, शाळेच्या पोरी याच पांदणीतून येतात. पांदण गेली तर त्यांचा पावसाळा बुडाला. काकांना ही एकच काळजी होती, आणि ती त्यांनी आमच्याही गळ्यात बांधली.

राऊत माणूस वाईट नव्हता. नाशिककडे जाऊन शिकून आला होता, पोटच्या पोरासारख्या वेली जपायचा, आम्हाला हाका मारून घड द्यायचा. पण दरवर्षी त्याच्या मांडवाचे खांब पांदणीत वीतभर पुढे येत. काका मजेत द्राक्षं खात, बिया थुंकत आणि म्हणत, "गोड हाये. खांब मांगं घे." राऊत हसायचा. "काका, टॅक्टर वयवाले जागा लागते ना. वहिवाट नाई, असा सरकारी कागदबी हाये माह्यापाशी. अन् ह्या रस्त्यानं जाते कोन? तुमी अन् हे सर्कसवाले." काका म्हणत, "तेच तं. आमी जातो." आणि घड संपवून पुन्हा काठाने निघत. रस्ता वापरात आहे हे चाकांनी दाखवत राहायचं, जिथे कोणाची नजर आहे तिथे नेमकं दाखवायचं, हा त्यांचा हिशेब मला उमगायला वर्ष गेलं.

तोवर आमचा गट विरघळला होता. डॉक्टरांची कंबर गेली, दुकानदाराने नवं दुकान काढलं, कोणाला त्याच त्या वाटेचा कंटाळा आला. राहिलो काका आणि मी. खरं सांगायचं तर मीही थकलो होतो. आठवडाभर वर्गात घसा फोडायचा, शनिवारी पेपर तपासायचे, आईला दवाखान्यात न्यायचं आणि रविवारी पहाटे उठून काट्यांतून सायकल हाणायची! पण भल्या सकाळी काका थांब्याजवळ भाकरी आणि ठेचा घेऊन उभे असायचे. उभ्या माणसाला नाही कसं म्हणायचं, म्हणून मी जात होतो. त्यात भक्ती वगैरे काही नव्हती.

मागच्या माघात काका घरातच, मोरीत घसरले. खुब्याचं हाड मोडलं. मी भेटायला गेलो तर दुखण्याबद्दल अक्षर नाही. माझा हात धरून म्हणाले, "सर, माह्या पायाचं काई नाई. रविवार तेवढा सांभाया." मी हो म्हणालो.

तीन रविवार सांभाळला. चौथ्या रविवारी परीक्षेची ड्युटी होती, पाचव्या रविवारी नुसती झोप. ऊन वाढलं होतं. अंथरुणात पडल्या पडल्या मला ती वाट दिसायची, तो चढ दिसायचा आणि मी कूस बदलायचो. दुपारी काकांचा फोन यायचा. "गेलते का, सर?" मी म्हणायचो, "हो, काका." "खांब?" "जिथल्या तिथे." खोटं किती सोपं असतं! एकदा तर मी वाटेत मोर दिसल्याचंही सांगितलं. काका खूश झाले. असे सात रविवार गेले.

आठव्या आठवड्यात, सोमवारी, त्यांच्या घरी गेलो. काका उशांना टेकून बसले होते. गाल आत गेलेले. त्यांनी नेहमीचं विचारलं, मी नेहमीचं सांगितलं. काकू चहा ठेवत होत्या. त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "तांड्यावरची याडी आल्ती काल. तिकडून फिरून, दोन गाड्या बदलून आली बिचारी. म्हने पांदन नांगरली." तांड्यातल्या त्या म्हातारीला सगळे याडी म्हणत, म्हणजे आई.

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. माफी मागायला तोंड उघडलं, पण काकांनी हात वर केला. ते रागावले नव्हते. नुसते दमलेले दिसत होते. "थकलो म्हनाची लाज नसते, सर," ते म्हणाले. "न जाता गेलतो म्हनाची असते. मले मालूम हाये. त्याच पांदनीचा अहवाल मी देल्ला होता. नोकरीत असतानी. जाऊन पाह्याचं होतं रस्ता चालू हाये का बंद. उन्हाया होता, मी बी थकेल होतो. घरी पंख्याखाली बसून लिवलं, वहिवाट दिसत नाही. सई केली. कोनी पाह्यलं नाई, कोनी इचारलं नाई. आज राऊत जो कागद दाखवते ना, त्याच्याखाली माहीच सई हाये."

काकू चहाचा कप हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. त्यांनाही हे पहिल्यांदाच कळत असावं. इतक्या वर्षांच्या रविवारांचा अर्थ मला त्या एका मिनिटात कळला आणि रडूच आलं. काका म्हणाले, "रडू नका. जाऊन पाहा. अन् पाह्यलं तेवढंच लिहा."

मंगळवारी रजा टाकून गेलो. बागेच्या कडेची दोनशे पावलं नांगरून काढली होती. चाकं ढेकळांत रुतली, म्हणून सायकल खांद्यावर घेतली आणि धापा टाकत पलीकडे गेलो. राऊत बागेतून बघत होता. त्याने हाक मारली नाही, मीही मारली नाही.

पांदण मोकळी करून द्यावी, असा अर्ज मी तहसीलदारांना लिहिला. काकांनी सोबत स्वतःचा वेगळा कागद जोडला: आपला जुना अहवाल जागेवर न जाता लिहिला होता आणि तो खोटा आहे. काकू खूप बोलल्या. "आता कायले? पेन्शनीत बसलेल्या मानसाले इज्जत नसते का?" काका म्हणाले, "इज्जत हाये म्हनूनच." सही करताना शेवटची रेघ कागदाबाहेर गेली. त्यानंतर वीस दिवसांनी, अंथरुणाला पाठ लागूनच, ते गेले. जागेची पाहणी तोवर झाली नव्हती. शेवटपर्यंत ते तारखेचं विचारत होते आणि माझ्याकडे तारीख नव्हती.

नायब तहसीलदार आले ते पावसाळ्याच्या तोंडाशी. नांगरलेल्या जागेत आम्ही उभे होतो: मी, राऊत, याडी आणि खुर्ची न मिळाल्याने गाडीच्या बॉनेटवर कागद टेकवून लिहिणारा कारकून. साहेबांनी काकांचे दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. "सही एकाच माणसाची. यातला कोणता खरा धरायचा?"

"दुसरा," मी म्हणालो. "पहिला लिहिताना त्यांना काहीच गमवायचं नव्हतं."

साहेबांनी ते दोन्ही कागद कारकुनाकडे दिले. मग त्यांनी माझा अर्ज काढला. "तुम्ही इथून दर रविवारी जात होता, बरोबर? खंड न पडता?" राऊत माझ्याकडे पाहत होता. याडीही पाहत होती. हो म्हटलं असतं तर रस्त्याची बाजू भक्कम झाली असती. कोणी तपासणार नव्हतं, आणि ज्यांनी तपासलं असतं ते गेले होते.

"नाही," मी म्हणालो. "आधी जात होतो. शेवटी सात रविवार गेलो नाही. थकलो होतो. त्याच दिवसांत हे नांगरलं गेलं."

कारकुनाने मान वर केली. "सर, थकलो होतो, हे पण लिहू?"

"लिहा," मी म्हणालो.