केळीच्या पानावरचं बाळ

सलाईनची सुई काढायची म्हणून मी बाळाच्या मनगटावरची चिकटपट्टी सोलली. पट्टीबरोबर कातडी आली.

बाळ चार दिवसांचं होतं. रावेरजवळच्या एका गावातून आणलेलं. ऐंशीच्या दशकात मी जळगावला एका दवाखान्यात मुलांचा डॉक्टर होतो. दूध ओढत नाही म्हणून मीच त्याला भरती करून घेतलं होतं. ओठाच्या कडेला दोन फोड होते. ते मी पाहिले, साधं इन्फेक्शन समजलो आणि पट्टी लावली.

सीनियर डॉक्टरांनी आधी बाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"टेप कोणी लावला?"

"मी, सर."

"आता त्याला कशालाच चिकटू देऊ नका. यावर औषध नाही. घरच्यांना तुम्हीच सांगा."

सांगण्याआधी मी दुपारभर वाचत बसलो. गर्भ सुरुवातीला पेशींचा पातळ पापुद्रा असतो. तो वाकतो, दुमडतो, त्याच्या नळ्या होतात. त्यांतून मेंदू घडतो, आतडी घडतात. एवढ्या ओढाताणीत तो फाटत नाही, कारण प्रत्येक पेशी शेजारच्या पेशीला धरून असते. कातडीत हे सांधे टिचबटणांसारखे असतात. काही पेशीला पेशीशी जोडतात, काही कातडीला खालच्या थराशी. या बाळाची खालची बटणं लागलीच नव्हती. पोटातल्या पाण्यात घासायला फारसं काही नसतं, म्हणून नऊ महिने निभावलं. बाकी सगळे सांधे नीट होते. बोटं, पापण्या, हृदय, सगळं पूर्ण. मला तेच बघवत नव्हतं.

संध्याकाळी मी ते घरच्यांना सांगितलं. गॉज चिकटायचं. जुन्या धोतराचा मऊ तुकडाही चिकटला. तेव्हा बाळाचे आजोबा, नाना, म्हणाले, "आमी घड उतरवतो तं खाली पान आंथरतो. नुसतं घासलं तरी केळं काळं पडते. याले पानावर ठेवा."

ते रोज पहिल्या गाडीने कोवळी पानं आणू लागले. सिस्टर ती उकळलेल्या पाण्याने धुवायच्या. पानाला कातडी चिकटली नाही. बाळाचं रडणं कमी झालं. मला थोडी आशा वाटली. ती मी कोणाजवळ बोलून दाखवली नाही.

नवव्या दिवशी ताप चढला. आईने विचारलं, "साहेब, एकदा मांडीवर घेऊ?"

"नाही. हात लागेल तिथली कातडी जाईल."

"तुमच्या पुस्तकात मायची मांडी नाई का?" नाना म्हणाले.

मी राउंडला गेलो. परत आलो तर बाळ आईच्या मांडीवर होतं. नानांनी त्याला पानासकट उचलून ठेवलं होतं. अंगाला एक बोटही लागलं नव्हतं. बाळ शांत होतं. मी सगळ्यांवर ओरडलो, इन्फेक्शन होईल म्हणालो. इन्फेक्शन रक्तात आधीच पोचलेलं आहे, हे मला माहीत होतं. आईने खाली मान घालून बाळ परत दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळ गेलं. नाना नेहमीच्या गाडीने आले, तेव्हा पानं काखेतच होती. त्यांतलं सगळ्यांत कोवळं निवडून त्यांनी बाळाला गुंडाळलं. उरलेली बाकावर ठेवली आणि निघाले.

नवजात बाळाला पट्टी लावण्याआधी त्याचे फोड नीट बघावेत, एवढंच मी पुढे शिकाऊ डॉक्टरांना सांगत आलो. त्या वॉर्डात आता तेल लावून, सैल करूनच पट्टी काढतात. मी निवृत्त आहे. आईला नाही म्हणालो होतो, ते माझ्याजवळ आहे.