संबंध तुटल्याचा पुरावा

हॉस्पिटलच्या लाँड्रीत सगळे तिला मास्तरीण म्हणायचे. चादरींच्या घड्या घालता घालता ती गणितं पुटपुटायची, म्हणून. सकाळी लाँड्री, दुपारी विद्यापीठ. संख्याशास्त्राचं दुसरं वर्ष. घर सुटून दीड वर्ष झालं होतं. कॉलेज सोड म्हणून वडिलांनी तिला सहा दिवस माडीवर कोंडलं होतं. सातव्या दिवशी आई ताट घेऊन आली, तशी ही तिला बाजूला ढकलून अनवाणी जी सुटली ती सुटलीच. आईला ढकललं, हे मात्र तिला अजून खात होतं.

पहिल्या वर्षाची फी पगारातून कशीबशी निघाली. दुसऱ्या वर्षी फी वाढली आणि तिने शिष्यवृत्तीचा अर्ज आणला. त्यावर वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला हवा, सहीसकट.

"वडील वारलेत का?" विद्यापीठ कार्यालयाच्या खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"नाही. बोलत नाही आम्ही."

"अगं, आमच्या घरात तरी कोण कुणाशी बोलतंय!" बाई हसल्या, मग तिचा चेहरा बघून ओशाळल्या. "अनाथ असतीस तर सोपं होतं बघ. संबंध तुटलेत, असं नात्यातल्या कुणाकडून तरी लिहून आण."

ती मामाकडे गेली. मामाचं टायरचं दुकान होतं. त्याने काळे हात पुसले, तिला स्टुलावर बसवलं आणि एका दमात पत्र लिहून दिलं. "भाची आहेस माझी. घाबरतेस काय?" कितीतरी दिवसांनी त्या दिवशी ती पोटभर जेवली.

तीन आठवड्यांनी बाईंनी बोलावून घेतलं. नियमाप्रमाणे कार्यालयाने घरी विचारणा केली होती. वडिलांचं उत्तर सुवाच्य अक्षरात आलं होतं: मुलीवर आमचा राग नाही. तिचा सगळा खर्च करायला मी समर्थ आहे. तिने फक्त घरी यावं. खाली साक्षीदार म्हणून मामाची सही.

तिने तिथूनच मामाला फोन लावला.

"ताईला रोज बोलणी खावी लागतात गं," मामा म्हणाला. "तिच्याकडे बघून केली सही. तूही जरा नमतं घे ना."

बाईंनी कागद तिच्याकडे सरकवला. "किती समजूतदार लिहिलंय. जा की घरी."

"त्यांनी कोंडलं होतं मला."

"त्याचा काही कागद आहे?"

नव्हता. पोलिसांत ती गेली नव्हती. वडिलांविरुद्ध तक्रार करायची असते, हे तेव्हा सुचलंच नव्हतं.

फी भरायची मुदत संपली आणि पटावरून तिचं नाव कमी झालं. लाँड्रीच्या मुकादमाने तिला दुपारची पाळीही देऊन टाकली. पुढच्या वर्षी परत अर्ज करणार, असं ती सांगायची. मग हळूहळू कुणी विचारेनासं झालं आणि तीही सांगेनाशी झाली.