क्लेमकाकांचं शेवटचं वाक्य

क्लेमकाकांची नक्कल करायची तर आधी घसा खाकरून घ्यायचा, आणि मग समोरचा माणूस रस्त्याच्या पलीकडे उभा असल्यासारखं बोलायचं. चहात साखर मागतानासुद्धा ते शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशीच मागतात.

क्लेमेंट हॅरोप म्हणजे इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या मॉरकम गावी, आमच्या घरी वरच्या खोलीत राहणारे नट. वाढले ओल्डमच्या सूतगिरणीत. यंत्रांच्या खडखडाटावर आवाज चढवायची सवय लागली, आणि तोच आवाज त्यांना रंगभूमीवर घेऊन आला. लंडनच्या एका बाईंनी बजावलं, "मिस्टर हॅरोप, ही गावंढळ बोली टाका, नाहीतर जन्मभर हवालदार व्हाल." काका म्हणाले, "मग टोपीचं माप घ्या." आणि झालेच! सिनेमात हवालदार झाले, कोळसेवाले झाले, बरेचदा नायिका पडद्यावर येण्याआधीच मेले. नाटकात मात्र राजेही झाले, त्याच बोलीत.

यंदा आमच्या समुद्रकाठच्या नाट्यगृहात दीपगृहाच्या म्हाताऱ्या राखणदाराचं नाटक बसत होतं. कितीतरी वर्षांनी काकांना मुख्य भूमिका! दिग्दर्शक पेव्हरेल नवा, टेलिव्हिजनमधून आलेला. नाक इतकं वर, की पाऊस आला तर बुडेल. तालमी झकास चालल्या होत्या, पण शेवटचं वाक्य आलं की काका गप्प.

"पुढे?"

"पुढे पडदा."

आमची आई तिथली प्रॉम्प्टर. ती विंगेतून म्हणाली, "साहेब, शेवटचं वाक्य तालमीत बोलत नाहीत. अपशकुन होतो. ते एकदम पहिल्या प्रयोगाला."

"मिसेस टॅटर्सल, म्हातारा विसरतोय आणि तुम्ही त्यावर पांघरूण घालताय. रंगीत तालमीत वाक्य आलं नाही, तर भूमिका ड्युअर्डनला."

ड्युअर्डन म्हणजे काकांचा बदली नट. तरणाताठा, चिकटवलेली दाढी सारखी चाचपणारा.

घरी आई काकांच्या मागे लागली. "क्लेम, टाक की बोलून एकदा. काय बिघडतंय?"

काका माशाचे काटे काढत होते. "एडी, मी गप्प बसणारा माणूस नाही हे सगळ्या मॉरकमला ठाऊक आहे. आयुष्यात एकदा गप्प बसतोय, तर बसू दे."

"आणि भूमिका गेली तर? पुन्हा कोण देणार आहे तुला?"

"कोणी नाही." काकांनी काटा ताटाच्या कडेला ठेवला. "मग पहिल्या रांगेत बसून खोकेन."

रंगीत तालमीत मी मागच्या रांगेत चिप्स खात होते. काका कुठेही अडखळले नाहीत. शेवटी कंदील उचलला, पेव्हरेलकडे टक लावून पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले.

"बास! ड्युअर्डन, वर या!"

ड्युअर्डन आला. कंदील घेतला. शेवटचं स्वगत मस्त म्हटलं, अगदी शेवटच्या वाक्यापर्यंत. मग त्याने आईकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं.

"बोला!"

"नाही हो जमायचं, साहेब. माझी आजीपण नाटकातलीच होती."

"अरे, कोणीतरी बोला!" पेव्हरेलचा आवाज फाटला. (हा आवाज मला फार छान जमतो.) दिवेवाला छताकडे बघत राहिला. आईने संहिता मिटली आणि तिच्यावर बसली.

काका पुढे झाले, ड्युअर्डनच्या हातातून हलकेच कंदील घेतला. "वाक्य उद्या ऐका, साहेब. इतरांबरोबर."

दुसऱ्या दिवशी थिएटर गच्च. पेव्हरेल शेवटच्या रांगेत टायचं टोक चावत बसला होता. काकांनी कंदील उचलला आणि थांबले. इतके थांबले, की आई ती ओळ पुटपुटायला विंगेतून पुढे झुकली.

मग ओल्डमच्या त्या सगळ्या यंत्रांवर मात करत ते गरजले, "दिवा विझवायचाय? मग पायऱ्या चढून या. मी वरच आहे!"

बाहेर किनाऱ्यावरच्या चिप्सवाल्याने म्हणे मान वर करून विचारलं, "कोण? कुठे?"