रामलिंगच्या वाटेवरचा सोबती

ती घटना आठवली की आजही हातातला घास तसाच राहतो.

निजामाची राजवट होती. मी येडशीला अमीन होतो, म्हणजे आजच्या भाषेत फौजदार. रामलिंगच्या जंगलात अधूनमधून एखाद्या वाटसरूचं प्रेत सापडे. अंगावर जखम नसे, त्यामुळे पंचनाम्यात आजारानं मृत्यू असंच लिहिलं जाई.

रमजानचा महिना होता. भर दुपारी मुरुम गावचा एक पिंजारी धापा टाकत ठाण्यात आला.

"साहेब, वाटेत एकानं आमा दोघांना भाकर दिली. माझा रोजा होता, म्या बांधून ठेवली. जोडीदारानं खाल्ली. जराशानं तो बरळायला लागला, मग आडवाच झाला."

"आणि भाकर देणारा?"

"म्या भिऊन झाडीत दडलो. तो जोडीदाराच्या शेजारी बसून होता, साहेब. मरायची वाट बघत."

पिंजाऱ्याजवळच्या भाकरीत विषारी धोतऱ्याचं बी निघालं. त्यानं बोट दाखवलेला माणूस पाहून आमचे जवान चक्रावले. स्टेशनावर उतरणाऱ्या म्हाताऱ्यांचं ओझं उचलणारा, वाट दाखवणारा, सगळ्यांच्या माहितीतला माणूस! दरडावलं, समजावलं, पण तो हूं की चूं करेना. एक गोष्ट मात्र माझ्या नजरेत भरली. कोठडीतलं अन्न तो हुंगून बाजूला सारायचा.

म्हणून मी त्याच्या बायकोला डबा घेऊन यायला सांगितलं. तिनं भाकरी पुढं केली. त्यानं ती मोडली, हुंगली आणि परत ठेवली.

"माझ्या हातची बी न्हाय?" ती म्हणाली.

त्यानं डबा तिच्याकडं सरकवला. तिनं डबा झाकला. मग माझ्याकडं वळली. "चला साहेब. परसात काय पुरलंय ते दावते."

खणल्यावर धोतऱ्याच्या बियांचं गाडगं निघालं. त्याखाली परक्या माणसांची पागोटी आणि वहाणा. ते समोर मांडल्यावर तो बोलला.

"किती जणांना मारलंस?"

"ध्यानात न्हाय."

"लुटायला?"

"लई जणांकडं काय बी नसायचं." मग म्हणाला, "बसून बघायला बरं वाटायचं."

त्याला जन्मठेप झाली. बायको गाव सोडून गेली.

गुन्हेगार चेहऱ्यावरून ओळखता येतो, हा माझा समज तिथंच संपला. पण त्याहून मोठं नुकसान पुढं दिसलं. त्या वाटेनं जाणारा दमला-भागला माणूस कुणी पाणी दिलं तरी हात मागं घ्यायचा. तहानेला माणूस तसाच पुढं जाताना मी कितीदा पाहिला. या नुकसानाची फिर्याद कुठल्या ठाण्यात नोंदवणार?