दाजींचा श्वास

आमचे दाजी फर्निचरच्या दुकानात पॉलिश करतात. त्यांच्या हाताखालून गेलेल्या कपाटात बघून खुशाल भांग पाडावा. पण पॉलिशचा थिनर ते रुमालावर ओतून हुंगू लागले आणि घराची रयाच गेली. "पुन्हा वास आला, तर पोरीला घेऊन मी चालले," असं ताईने बजावलं, तेव्हा कुठे स्वारी समुपदेशक बाईंकडे आली. सोबतीला मी, म्हणजे पहारेकरी.

खोलीत दोघंच. बाईंनी त्यांना डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं. थोड्याच वेळात दाजी घामाघूम होऊन बाहेर आले.

"काय दाजी, इतक्यात समाधी उतरली?"

"गप रे! श्वास आत घेतला की थिनरच आठवतो. चोराच्याच हाती किल्ल्या दिल्यात बाईंनी."

मागोमाग बाई आल्या. "चुकलंच माझं, आधी विचारायला हवं होतं. श्वास राहू दे. तळपाय जमिनीला टेकवून बसा. तलफ आली की हाकलू नका, कुठे जाणवते तेवढं सांगा."

दाजी परत आत गेले, पण दार उघडं ठेवून.

"घशात आहे," ते म्हणाले. मग, "वाढतेय." मग त्यांनी तळपाय जमिनीत घट्ट रोवले. माझ्या जिभेवरची थट्टा तिथेच विरली.

"अजून आहे?" बाईंनी विचारलं.

"थोडी उतरली. पण इथे थिनरचा डबा नाही, बाई. उद्या दुकानात समोरच असेल."

बाईंनी डायरी उघडली. "मग उद्या दुकानात जायच्या आधी इकडे या."

दाजी हो म्हणाले नाहीत. पण उठलेही नाहीत.