निळा बावटा
सुक्या बोंबलांचा वास आला की गोराईचा तो किनारा आठवतो. बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांचे फोटो काढत होतो, तेवढ्यात एक कोळीण जवळ येऊन म्हणाली, "तुज्या कॅमेऱ्यात लांबचं दिसतं ना? बघ, निळा बावटा हाय का. आमची होडी कालच यायची व्हती." लांब एकच होडी दिसत होती. वाऱ्याने कॅमेरा हलत होता, तरी फोटो काढला आणि घाईत म्हणालो, "हो, निळाच." ती पदर खोचून पाण्याकडे धावली. मग फोटो मोठा करून पाहिला, तर बावटा काळा. तिला हाक मारायचं धाडस झालं नाही. मी गुपचूप परतीची फेरीबोट पकडली. तो फोटो अजून माझ्याकडे आहे. तिची होडी आली का, ते मात्र मी कुणाला विचारलं नाही.